बोडणातली मागणी

मला आयुष्यात एकदाच देवी म्हणून पाटावर बसवलं, आणि बसवणाऱ्या बायकांना त्याचा पुढे पुष्कळ पस्तावा झाला. मला नाही झाला. अजूनही होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत ऐकली की कुणीतरी हमखास मान हलवून म्हणतं, "लहान होतात हो तुम्ही, काय कळत होतं तुम्हाला!" सगळं कळत होतं. नऊ वर्षांच्या पोरीला आपल्या घरात काय चाललंय ते कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी नऊ वर्षांची पोर कधी धड पाहिलेलीच नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातलं बंगलोर. आम्ही मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहायचो. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर. सकाळी कारखान्याची बस त्यांना घेऊन जायची, ती दिवेलागणीला आणून सोडायची. घरात मराठी, फाटकाबाहेर कानडी, शाळेत इंग्रजी, आणि आमच्यासारखी थोडी मराठी घरं आसपासच्या गल्ल्यांत विखुरलेली. त्या घरांना एकत्र धरून ठेवायचे ते सणवार. संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रगौर, गणपतीची आरती. माझ्या आईला बाजारात कानडीतून कोथिंबीरसुद्धा मागता येत नसे. ती या दिवसांची वाट बघायची, कारण त्या दिवशी पोटभर मराठी बोलायला मिळायचं. हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. देवधर्म नसता तर माझी आई त्या परक्या गावात वेडी झाली असती.

आणि तोच देवधर्म माझ्या आत्याला आमच्या घरातून बाहेर काढायला निघाला होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. सासर रत्नागिरीकडे. दीर-जावेच्या घरात मागच्या पडवीत तिचं अंथरूण, आणि गोठ्यापासून चुलीपर्यंतची सगळी कामं तिच्या अंगावर. भावाच्या वेळी आईला दिवस गेले तेव्हा मदतीला म्हणून बाबा तिला घेऊन आले. आली तेव्हा ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. कुणी समोर आलं की आपणच बाजूला व्हायची, अगदी मी आले तरी. मग हळूहळू तिचं अंग सैल पडायला लागलं. एकटी बाजारात जायला लागली. आईच्या आधी कानडी शिकली, भाव करायला लागली, भाजीवाल्याशी हुज्जत घालून वर मूठभर मिरच्या पदरात पाडून घ्यायला लागली. "इथं मला ओळखणारं कुणी नाही गं," ती मला म्हणाली होती, "म्हणून पाय सरळ पडतात." बाजारातली एक फुलवाली तिला "अक्का, बन्नी", म्हणजे ताई, या, अशी हाक मारायची आणि मोगऱ्याचा गजरा हातात ठेवायची. आत्याचं कपाळ मोकळं होतं हे तिला दिसत नव्हतं थोडंच? पण तिला त्याचं काही नव्हतं. आत्या तो गजरा कोपऱ्यापर्यंत नाकाशी धरून यायची आणि घरी आली की माझ्या वेणीत माळायची.

माझा भाऊ जन्मला तो आत्याच्या हातात. आईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. बाबा कारखान्यात. शेजारच्या अण्णांनी सायकल काढून नर्सबाईंना आणेपर्यंत सगळं उरकलंसुद्धा होतं. नर्सबाईंनी येऊन नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या की आता माझं काही काम उरलं नाही. पुढे तीन महिने ते पोर आत्याच्या पायांवरच वाढलं. तेल, न्हाऊ, धुरी, दृष्ट काढणं, रात्रीचं जागणं, सगळं तिचं. आई उशीला टेकून डिंकाचे लाडू खायची आणि म्हणायची, "वन्सं, तुम्ही नसता तर काय झालं असतं माझं!"

मग थंडीत बाळाची छाती भरली. डॉक्टरांनी औषध दिलं, उतार पडला, आठवड्याने परत भरली. आई घाबरली. बाळ खोकलं की तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा. अशातच एका दुपारी अक्का आल्या.

अक्का म्हणजे आमच्या मराठी घरांतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांचं घर बंगलोरात. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. ठेंगणी मूर्ती, नऊवारी लुगडं, रुपयाएवढं कुंकू आणि समोरच्या गल्लीत ऐकू जाईल असा आवाज. कोकणस्थांचे कुळाचार त्यांना मुखोद्गत. कुणाकडे मुंज असो, बारसं असो, अक्कांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. आम्ही पोरं त्यांना घाबरायचो. खरं म्हणजे मोठी माणसंही घाबरायची, फक्त ती त्याला मान देणं म्हणायची.

"तुझ्या लग्नानंतरचं बोडण राहिलंय ना?" अक्का आईला म्हणाल्या. "मुलगा झाला तरी राहिलंयच. देवी स्वल्प थांबते, पण किती थांबेल?" मग आवाज खाली आणून, म्हणजे साधारण आपण बोलतो तेवढ्यावर आणून, त्या म्हणाल्या, "आणि आणखी एक. राग मानू नकोस. बाळंतिणीच्या खोलीत ही चोवीस तास. तिचं एक घर रिकामं करून झालंय. पोर तिच्या हातात देऊ नकोस."

आत्या स्वयंपाकघरात ताक घुसळत होती. रवीचा आवाज थांबला. मी आईकडे बघत राहिले. आता ही म्हणेल, अहो, त्याला तिनेच तर झेलला! आता म्हणेल. पण आई पदराशी चाळा करत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, अक्का."

ठरलं ते असं. पुढच्या शुक्रवारी बोडण. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ओळखीचं एक कुटुंब रजेवर मिरजेला निघालं होतं, त्यांच्या सोबतीने आत्याला पाठवायचं. मिरजेहून दीर घेऊन जाईल.

माझी सगळी भिस्त बाबांवर होती. बाबा देवाला हात जोडायचे नाहीत. जानवं त्यांनी केव्हाच काढून ठेवलं होतं. इंग्रजी वर्तमानपत्र वाचता वाचता "देव-बिव सगळं थोतांड आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून आठवड्यातून एकदा तरी यायचंच. आईने जेवताना विषय काढला. बाबांनी भात कालवला, घास घेतला आणि म्हणाले, "बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही. उगाच अक्कांना कशाला दुखवायचं? चार लोकांत राहायचं आहे. आणि तिचं घर आहेच की तिकडे." आत्या त्याच वेळी त्यांच्या पानात ताक वाढत होती. तिने वाढलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तिने आपली पत्र्याची ट्रंक काढून पुसून ठेवलेली. मी ट्रंकेवर जाऊन बसले. म्हटलं, "तू जायचं नाहीस."

"माझ्या म्हणण्यावर काय आहे, बाळे?" ती म्हणाली. "पण तुला सांगते, तिथं गेले की मी परत येणार नाही. एकदा निघाले तिथून, दुसऱ्यांदा निघायचं त्राण नाही माझ्यात."

मी रडले नाही. मला राग आला. असा राग आला की दात दुखायला लागले. आईचा, अक्कांचा, पण सगळ्यांत जास्त बाबांचा, कारण अक्का निदान जे बोलत होत्या ते मानत तरी होत्या.

आता बोडण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्ली कोकणस्थांच्या पोरींनाही ते ठाऊक नसतं. परातीत अन्नपूर्णा ठेवायची. तिला कणकेचे दागिने घालायचे. पुरणावरणाचा सगळा नैवेद्य तिच्यावर वाढायचा आणि पाच सवाष्णींनी गोल बसून दूध, दही, तूप, मध घालत तो हातांनी कालवायचा. खोलीचं दार लावून. पुरुषांची नजर पडता कामा नये, आणि अर्थात विधवेचीही. सोबत एक कुमारिका बसवायची. त्या वेळेपुरती तीच देवी. तिला विचारायचं, "बाई, तुला काय हवं?" ती दूध म्हणाली की दूध, मध म्हणाली की मध. ती "पुरे" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. ती तृप्त झाली नाही तर केलेलं सगळं उलटतं, असं अक्का छातीवर हात ठेवून सांगायच्या.

कुमारिका म्हणून मला कुणी आपणहून निवडलं नसतं. माझी जीभ फार लांब, अशी ख्याती होती. ठरलेली मुलगी वेगळीच होती, गोरी, गुणी, मान खाली घालणारी. तिला आदल्या दिवशी गालगुंड आलं. आमच्यातली दुसरी मुलगी जवळपास नव्हती. अक्कांनी सुस्कारा सोडला आणि मला समोर बसवून पढवलं, "दूध माग, दही माग, तूप, मध, साखर. मग पुरे म्हण. सरी, कळलं?"

"सरी," मी म्हटलं. आणि मग विचारलं, "पण अक्का, देवीनं दुसरंच काही मागितलं तर?"

"तर ते द्यायचं," अक्का म्हणाल्या. "देवीला नाही म्हणायची आपली काय टाप?"

मी तोंड मिटून घेतलं. हे माझ्या हातून फार कमी वेळा घडलं आहे.

शुक्रवारी आत्या पहाटेपासून सोवळ्यात. पुरण तिने शिजवलं, वाटलं तिने, पोळ्या तिच्या, कटाची आमटी तिची, कणकेचे दागिनेसुद्धा तिनेच वळले. तिच्या हातचं सगळं देवीला चालत होतं, तीच तेवढी चालत नव्हती. सवाष्णी जमल्या तशी तिला मागच्या व्हरांड्यात जायला सांगितलं. आणि गंमत ऐका. बाळाचं काय? आई आत बसणार, बाबा कारखान्यात. मग बाळ दिलं कुणाकडे? आत्याकडे! जिच्या हातात पोर देऊ नकोस म्हणून इतकं रामायण झालं, तिच्याच मांडीवर गरज लागल्याबरोबर पोर ठेवून बायका आत आल्या आणि दार लावून घेतलं. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दिवसापासून शिवाशिवीच्या गोष्टी कुणी गंभीर चेहऱ्याने सांगायला लागलं की मला हसू आवरत नाही.

कालवणं सुरू झालं. आई आणि चार जणी परातीभोवती, अक्का ओतायला. मी पाटावर, कपाळभर कुंकू, गळ्यात हार, अंगावर आईचा शालू गुंडाळलेला.

"बाई, तुला काय हवं?" अक्कांनी हात जोडून विचारलं.

"दूध," मी म्हटलं. दूध घातलं.

"आणखी काय हवं?"

"दही."

अक्का खूश झाल्या. पोरगी पढवल्याप्रमाणे बोलते आहे.

"आणखी काय हवं, बाई?"

"आत्या," मी म्हटलं.

परातीतले हात थांबले. अक्का पुढे वाकून म्हणाल्या, "तूप हवं ना?"

"तूप नको. आत्या हवी. ती इथं बसून कालवणार."

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं. आईचा चेहरा तर असा झाला की परातीत पडते की काय! चौघींमध्ये एक होत्या बाबांच्या वरच्या साहेबांच्या पत्नी, बीए झालेल्या, बाह्यांना लेस लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो अक्का, पोरीचा हट्ट आहे झालं. एक धपाटा घाला आणि तूप ओता. कोण बघतंय इथं?"

मी घाबरले होते, हे खोटं कशाला बोलू? पण मी अक्कांच्या डोळ्यांवरून डोळे काढले नाहीत. अक्काही माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. मला वाटलं, आता बसणार थोबाडीत.

"कोण बघतंय म्हणजे?" अक्का साहेबांच्या पत्नीकडे वळून म्हणाल्या. "जिच्यासाठी हे मांडलंय ती बघत नाही? मग तुम्ही कशाला हात बुडवून बसलाय?"

त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं, उठल्या, कडी काढली. मागच्या दाराशी जाऊन त्यांनी आत्याला आत यायला सांगितलं. आत्याला वाटलं बाळाचं काही हवंय. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. अक्कांनी सांगितलं तेव्हा ती मागे सरली, भिंतीला टेकली. "नको हो, अक्का. पोरीचं काय मनावर घेता! मला नका ओढू यात."

"पोरीचं नाही घेत मनावर," अक्का म्हणाल्या. "पाटावर कोण बसलंय ते बघते. मला काय हौस आहे? माझ्या घरात चार पिढ्यांत असं झालेलं नाही. चल. बाळ दे इकडे."

बाळ अक्कांनी आपल्या कडेवर घेतलं आणि आत्या आत आली. साहेबांच्या पत्नींनी हात झटकन काढले, पुसले आणि त्या तणतणत निघून गेल्या. त्यांची जागा रिकामी होती, तिथे आत्या बसली. तिने परातीत हात घातले. आधी नुसती बोटं, मग मनगटापर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आईने आपल्या खांद्याने तिचा गाल पुसला. माझ्या आईने त्या दिवशी केलेली ही एकच गोष्ट, पण केली.

"आणखी काय हवं?" अक्कांनी विचारलं. आता आवाज पार बसला होता.

"आत्यानं इथंच राहायचं. मिरजेला जायचं नाही. कधीच नाही."

अक्कांनी डोळे मिटले. त्यांच्या कडेवर बाळ त्यांच्या नथीशी खेळत होतं. मग म्हणाल्या, "दिलं. आता पुरे म्हण, माझे आई."

"पुरे," मी म्हटलं.

आत्या राहिली. बाळाची छाती कशाने सुटली ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनी औषध बदललं होतं एवढं ठाऊक आहे. पण परिणाम झाले. साहेबांच्या पत्नींनी सगळीकडे सांगितलं की आमच्या घरात भ्रष्टाकार आहे. त्या संक्रांतीला आईला एकाही घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, आणि आई दार लावून रडली. अक्का तेवढ्या आल्या. पुढेही येत राहिल्या. आत्याशी त्या कधी मोकळेपणाने बोलल्या नाहीत, पण तिला घालवायचं पुन्हा कुणी तोंडातून काढलं की म्हणायच्या, "दिलेला शब्द आहे तो. परत घ्यायला मी कोण?" मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, साठचं दशक अर्धं सरलं, तरी त्यांचं उत्तर तेच.

ही हकिगत मी दोन प्रकारच्या लोकांना सांगून पाहिली आहे. भाविक लोक म्हणतात, तू देवीची थट्टा केलीस. सुधारक म्हणतात, तू अंधश्रद्धेचा आधार घेतलास, सरळ विरोध करायला हवा होता. मी दोघांनाही विचारते, त्या सकाळी आत्याच्या ट्रंकेवर तुमच्यापैकी कोण येऊन बसलं होतं? आणि "खरंच देवी आली होती का तुमच्या अंगात?" असं हळूच विचारणाऱ्यांना सांगते, नाही. मी होते. पूर्ण शुद्धीवर होते. अक्कांची श्रद्धा खरी होती, म्हणून मला तिला हात घालता आला. ज्यांची कशावरच नव्हती त्यांना मी कुठे पकडणार होते?

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. बाबा आले. आईने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. बाबा आधी थक्क झाले, मग खो खो हसायला लागले. माझी पाठ थोपटून म्हणाले, "वा रे पठ्ठे! अक्कांचीच काठी अक्कांना! मला तर हे कधी पटलंच नव्हतं. बरं झालं, परस्पर मिटलं."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. ती बाबांसमोर सहसा बोलत नसे. बोलली तरी जमिनीकडे बघून. त्या दिवशी तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला पटलं नव्हतं, दादा?"

"छे गं! कधीच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

बाबांचं हसू मावळलं. "अगं, चार लोकांत राहायचं म्हणजे..."

"दादा," आत्या म्हणाली, "मला इथं ठेवून घ्यायला तुझ्या पोरीला देवी व्हावं लागलं. तुला नुसतं माझा भाऊ व्हायचं होतं."